आयुष्यभर फौजा हाकल्या, म्हातारपणी पाणीखातं हातात घेतलं आणि अख्ख्या रोमची पाणीचोरी बाहेर काढली

बिल्डिंगची टाकी एक, पंपाचं बिल एक आणि पाण्यावरून भांडणं मात्र मजल्यागणिक वेगळी. दोन माणसांचं घर आणि आठ माणसांचं घर सारखेच पैसे भरतं. मग एका मीटिंगमध्ये कुणीतरी वैतागून म्हणतं, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मीटर बसवून टाका, विषय संपला.

पण विषय तिथं संपत नाही, सुरू होतो. मीटर बसवणार कोण? मीटरच्या अलीकडूनच कुणी गुपचूप पाइप काढला तर? फ्लॅट विकला तर जुन्या जोडणीचं काय? आणि मोजणारा माणूसच सामील असेल तर?

हे सगळे प्रश्न एका माणसासमोर १९०० वर्षांपूर्वी आले होते. फक्त त्याच्यासमोर एक बिल्डिंग नव्हती, अख्खं रोम शहर होतं. त्याचं नाव सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस.

गंमत म्हणजे हा माणूस काही इंजिनिअर नव्हता. तो सेनापती होता, गव्हर्नर होता, रोमच्या राजकारणातलं बडं प्रस्थ होता.

पाण्याआधीचा फ्रॉन्टिनस

फ्रॉन्टिनसचं नाव इतिहासात ठळकपणे येतं ते इसवी सन ७० मध्ये. त्याच्या आधीच्या दीड वर्षात रोमने यादवी युद्ध पाहिलं होतं आणि एकामागून एक सम्राट बदलले होते. शेवटी व्हेस्पाशियन गादीवर आला. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सिनेटची बैठक बोलावली ती शहराचा प्रेटर म्हणून फ्रॉन्टिनसने. प्रेटर म्हणजे न्यायदानाचं मोठं पद. थोड्याच दिवसांत त्याने ते पद सोडलं आणि त्या जागी सम्राटाचा धाकटा मुलगा डोमिशियन बसला. वारं कुठल्या दिशेला वाहतंय हे फ्रॉन्टिनसला नीट कळायचं, एवढं यावरून दिसतं.

७३ च्या सुमारास तो कॉन्सल झाला. रोममधलं हे सर्वोच्च पद. लगेच पुढची नेमणूक मिळाली ब्रिटनच्या गव्हर्नरपदाची. आजच्या साउथ वेल्सच्या डोंगराळ भागात सिल्युरेस नावाची लढवय्यी जमात राहायची. डोंगरात दबा धरायचा, हल्ला करायचा आणि नाहीसं व्हायचं, असं त्यांचं युद्ध. कित्येक वर्षं त्यांनी रोमन फौजांना दाद दिली नव्हती. फ्रॉन्टिनसने त्यांना नमवलं. त्याच काळात कार्लियन इथे मोठी लष्करी छावणी उभी राहिली, तिचे अवशेष आजही बघायला मिळतात.

पुढे तो आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानाचा गव्हर्नर झाला. पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी पाहिले असतील. तिथेच हिएरापोलिस नावाचं प्राचीन शहर आहे. त्या शहरात तीन कमानींचा एक दगडी दरवाजा उभा आहे. त्याचं नाव फ्रॉन्टिनस गेट.

लढाया करता करता तो लिहीतही होता. जुन्या सेनापतींनी शत्रूला कसं चकवलं याचे किस्से गोळा करून त्याने ‘स्ट्रॅटेजेमाटा’ नावाचं पुस्तक केलं. जमीन मोजणीवरही लिहिलं. हा मोजणीचा नाद पुढे फार कामाला येणार होता.

मधल्या काळात डोमिशियन सम्राट झाला होता आणि त्याची शेवटची वर्षं भयंकर होती. संशयावरून सिनेटर मारले जात होते. अशा वेळी गप्प राहून टिकून राहणं हीसुद्धा कला होती आणि फ्रॉन्टिनसला ती जमली. ९६ मध्ये डोमिशियनचा राजवाड्यातच खून झाला आणि नर्व्हा नावाचा वयस्कर सिनेटर सम्राट झाला.

नर्व्हाला राज्याची घडी बसवायची होती. ९७ मध्ये त्याने एक नेमणूक केली. साठीच्या घरातल्या, मानसन्मान मिळवून झालेल्या फ्रॉन्टिनसला त्याने रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख केलं. या पदाला म्हणायचे ‘क्युरेटर अक्वारम’.

नऊ कालवे आणि एक शहर

आता हे पद म्हणजे नेमकं काय हे समजून घेऊ.

इसवी सनपूर्व ३१२ पर्यंत रोमचे लोक टायबर नदी, विहिरी आणि झऱ्यांच्या पाण्यावर भागवायचे. त्या वर्षी अप्पियस क्लॉडियसने शहरात पहिला कालवा आणला, अक्वा अप्पिया. मग एकेक वाढत गेले. फ्रॉन्टिनस आला तेव्हा रोमला नऊ कालवे पाणी देत होते. त्यातला मार्सिया नावाचा कालवा साधारण ९० किलोमीटर लांबून यायचा. कमानींवरून जाणारे कालवे फोटोत दिसतात, पण खरं तर बहुतेक वाट जमिनीखालून होती. पंप नाही, वीज नाही. सगळा खेळ उताराचा.

शहरात आल्यावर हे पाणी ‘कॅस्टेलम’ नावाच्या टाक्यांमध्ये पडायचं. फ्रॉन्टिनसच्या नोंदीनुसार अशा २४७ टाक्या होत्या. तिथून पाणी तीन वाटांनी जायचं. एक सम्राटाच्या नावाने. दुसरी सार्वजनिक वापराला, म्हणजे छावण्या, सार्वजनिक इमारती आणि रस्त्यावरचे हौद. असे ५९१ हौद होते. तिसरी वाट खासगी लोकांची.

रोमची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. त्यातल्या बहुसंख्य लोकांच्या घरात नळ नव्हता. ते चार-पाच मजली चाळवजा इमारतींमध्ये राहायचे आणि खाली रस्त्यावरच्या हौदावरून पाणी भरून वर न्यायचे. घरात थेट पाणी ही श्रीमंतांची चैन होती. म्हणजे टाकी सामायिक, पण त्याच टाकीला गरिबाचा हौद आणि श्रीमंताचा खासगी नळ असे दोन्ही जोडलेले. एकाने जास्त ओढलं की दुसऱ्याचं आटणार.

खासगी जोडणी कशी मिळायची?

इथे रोमची व्यवस्था खरोखर बघण्यासारखी आहे.

आपल्या घरी पाणी हवं असेल तर थेट सम्राटाकडे अर्ज करायचा. मंजुरी मिळाली की ते पत्र घेऊन पाणीखात्याच्या प्रमुखाकडे जायचं. तो पुढचं काम आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा. मग तो अधिकारी एक वस्तू तयार ठेवायचा, तिचं नाव ‘कॅलिक्स’.

कॅलिक्स म्हणजे कांस्याची एक आखूड नळी. ती टाकीच्या भिंतीत बसवली जायची आणि तिच्यापुढे घरापर्यंत जाणारा शिशाचा पाइप जोडला जायचा. ज्याला जेवढं पाणी मंजूर, त्याला तेवढ्याच व्यासाची नळी. थोडक्यात, हेच त्या काळचं मीटर. रोज किती पाणी गेलं हे ते मोजायचं नाही, पण किती जाऊ शकतं याची मर्यादा ठरवायचं.

नळी कांस्याचीच का? कारण शिसं मऊ असतं. ठोकून, ताणून त्याचं भोक मोठं करता येतं. कांस्य कडक असतं, त्याला सहज वाकवता येत नाही. नळीची लांबी किमान बारा बोटं असावी असा नियम होता. बोट हे तेव्हाचं अधिकृत माप होतं, एका फुटाचा सोळावा भाग. नळी तपासून झाली की तिच्यावर अधिकृत शिक्का मारला जायचा.

शिवाय आणखी नियम होते. खासगी जोडणी फक्त टाकीतूनच घ्यायची, मुख्य कालव्याला भोक पाडायचं नाही. टाकीपासून ५० फुटांपर्यंत पाइप ठरल्यापेक्षा रुंद लावायचा नाही, कारण नळीच्या लगेच पुढे मोठा पाइप जोडला की पाणी जास्त ओढलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा हक्क माणसाला मिळायचा, घराला नाही. घर विकलं किंवा मालक वारला की हक्क संपला. वारसाने किंवा नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा.

कागदावर सगळं चोख होतं. मग गडबड कुठे होती?

एक बोट इकडे, एक बोट तिकडे

पाणी मोजायचं मूळ माप होतं ‘क्विनारिया’. सव्वा बोट व्यासाच्या, म्हणजे साधारण २.३ सेंटिमीटरच्या पाइपमधून जाईल तेवढं पाणी. त्यावरून पुढे एकूण २५ आकारांचे पाइप ठरवलेले होते. त्यातले प्रत्यक्ष वापरात होते १५.

फ्रॉन्टिनसने पदावर आल्यावर पहिलं काम काय केलं, तर हे सगळे आकार स्वतः गणित करून तपासले. त्यात अकरा आकार बरोबर निघाले आणि चार आकारांत गडबड निघाली. गडबड केली होती पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांनी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर चावीवाल्यांनी.

त्यांची युक्ती जबरदस्त होती. २० नंबरचा पाइप नियमाप्रमाणे १६ क्विनारियांहून थोडा जास्त असायला हवा. चावीवाल्यांनी तो १३ चा केला होता. आणि १०० नंबरचा पाइप साडेएक्याऐंशीचा असायला हवा, तो त्यांनी केला ९२ चा.

एक लहान आणि एक मोठा का? कारण २० नंबरच्या पाइपने ते लोकांना पाणी द्यायचे आणि १०० नंबरच्या पाइपने ते स्वतः टाकीत पाणी घ्यायचे. हिशोबात एक १०० नंबर म्हणजे पाच २० नंबर. प्रत्यक्षात घेतले ९२, वाटले पाच गुणिले १३, म्हणजे ६५. मधले २७ क्विनारिया गायब. कागदावर सगळं जुळतंय, पण प्रत्येक व्यवहारात पाणी खाली पडतंय आणि ते विकलं जातंय. १२० नंबरच्या पाइपमध्ये तर हा फरक ८६ क्विनारियांपर्यंत जात होता.

ज्या नळीतून पाणी मोजलं जातं तीच खोटी असेल, तर सगळा हिशोब खोटा. हे पकडायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती, बसून आकडेमोड करायची तयारी हवी होती. आधीच्या कित्येक प्रमुखांनी ती दाखवली नव्हती. हे पद मानाचं होतं, काम खालचे लोक बघायचे.

फ्रॉन्टिनसला नेमकं हेच खटकायचं. खात्याच्या प्रमुखाला हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालावं लागणं त्याला लाजिरवाणं वाटायचं. म्हणून त्याने ठरवलं की आधी स्वतः शिकायचं. नऊही कालव्यांची माहिती जमवली, प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, कुठे दरी आहे, कुठे नदी ओलांडली आहे, कुठे सतत दुरुस्ती लागते याचे नकाशे काढून घेतले. जे शिकला ते लिहून ठेवलं. ते पुस्तक आधी स्वतःच्या मार्गदर्शनासाठी होतं, रोमच्या पाणीपुरवठ्यावरचं.

नोंदवहीत १२,७५५ आणि वाटप १४,०१८

मग तो सरकारी नोंदवह्यांकडे वळला. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. नोंदींप्रमाणे नऊ कालव्यांतून शहराला मिळत होते १२,७५५ क्विनारिया. आणि वाटप दाखवलं होतं १४,०१८ क्विनारियांचं. म्हणजे आलं कमी आणि वाटलं जास्त!

असा हिशोब दिसला की कुणालाही वाटेल की कारकुनाची चूक असेल. फ्रॉन्टिनस कालव्यांच्या उगमापर्यंत गेला आणि तिथलं पाणी मोजलं. निघालं काय, तर नोंदवहीपेक्षा जवळपास दहा हजार क्विनारिया जास्त पाणी कालव्यांत शिरत होतं. एकट्या मार्सियाच्या नोंदीत होते २,१६२ आणि उगमाशी मोजले ४,६९०. दुपटीपेक्षा जास्त.

म्हणजे पाणी कमी नव्हतं. पाणी भरपूर होतं. ते वाटेत जात होतं.

कुठे जात होतं याचा त्याने शोध घेतला तेव्हा एकेक प्रकार समोर आले. शहराबाहेर कालव्याच्या काठचे जमीनदार कालव्याच्या भिंती फोडून बागांना पाणी घेत होते. शहरात काही टाक्यांना मंजुरीपेक्षा मोठ्या नळ्या बसवल्या होत्या आणि काहींवर शिक्काच नव्हता. काही ठिकाणी शिक्क्याची नळी बरोबर होती, पण लगेच पुढे मोठा पाइप. काही नळ्या टाकीत मुद्दाम खाली बसवल्या होत्या, कारण खालच्या नळीला दाब जास्त मिळतो आणि वरच्याला कमी.

घर विकल्यावरचा घोटाळा तर खास होता. नव्या मालकाला नवा हक्क मिळाला की चावीवाले टाकीला नवं भोक पाडायचे. पण जुनं भोक बुजवायचे नाहीत. त्यातून येणारं पाणी ते स्वतः विकायचे.

आणि मग होते चोरटे नळ. रस्त्याच्या फरशीखालून जाणाऱ्या पाइपांना जागोजागी भोकं पाडून वाटेतल्या दुकानदारांना पाणी दिलं जायचं. या भोकांना ‘पंक्टा’ म्हणायचे. हा धंदा इतका रुजला होता की त्यावर देखरेख करणारा एक माणूसही होता आणि तो याच नावाने ओळखला जायचा. फ्रॉन्टिनसने हे चोरटे पाइप उखडायला लावले. त्यातून बरंच शिसं परत मिळालं.

यात भरडला जात होता तो हौदावर भांडं घेऊन उभा असलेला माणूस. चोरीचं पाणी जात होतं बागांना, धंद्यांना आणि पैसे देणाऱ्यांना. तुटवडा दिसत होता सार्वजनिक हौदांवर.

७०० माणसं आणि एक रोजनामा

पाणीखात्यात ७०० गुलाम कामगार होते. त्यातले २४० जण मूळचे अग्रिप्पाचे. अग्रिप्पा हा ऑगस्टसचा उजवा हात. त्याने स्वतःच्या खर्चाने कालव्यांची देखभाल करणारी ही टोळी ठेवली होती. इसवी सनपूर्व १२ मध्ये तो वारला तेव्हा ती टोळी ऑगस्टसकडे आली आणि त्याने ती सरकारला दिली. उरलेले ४६० जण क्लॉडियस सम्राटाच्या काळात वाढले. त्यात टाक्यांवरचे रखवालदार होते, गस्त घालणारे होते, फरशी बसवणारे आणि गिलावा करणारे होते.

प्रत्यक्षात यातले कितीतरी जण वशिल्याने कुणाच्या तरी खासगी कामावर जुंपलेले असायचे. पगार सरकारचा, काम दुसऱ्याचं. फ्रॉन्टिनसने साधा उपाय केला. उद्या कोण काय करणार हे आदल्या दिवशीच ठरवायचं आणि आज कुणी काय केलं याची रोज नोंद ठेवायची.

पैशांचाही प्रश्न होता. पाण्याच्या हक्कांमधून वर्षाला जवळपास अडीच लाख सेस्टर्स मिळायचे. आधी ते हलगर्जीपणामुळे बुडत होते, नंतर डोमिशियनच्या खासगी तिजोरीत जाऊ लागले. नर्व्हाने ते पुन्हा जनतेच्या खात्यात वळवले आणि त्यातून सरकारी टोळीच्या पगाराचा भार हलका झाला.

कायदा आधीपासून होता. इसवी सनपूर्व ९ च्या कायद्यात कालव्याला जाणूनबुजून भोक पाडणाऱ्याला एक लाख सेस्टर्स दंड होता. कालव्याच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी ठेवायची, झाडं लावायची नाहीत, बांधकाम करायचं नाही, असाही नियम होता, कारण मुळं भिंती फोडतात. फ्रॉन्टिनसने नवे कायदे फारसे आणले नाहीत. जे होते ते शोधून काढले, एकत्र लिहिले आणि पाळायला लावले.

पण तो नुसता दंडुका घेऊन फिरत नव्हता. नकळत ज्यांच्या हातून नियम मोडला गेला, त्यांना इशारा देऊन सुधारायची संधी तो देत होता. पूर्वी एखाद्याचा हक्क संपला की पाणी तत्काळ तोडलं जायचं. आता संबंधितांना ३० दिवसांची मुदत मिळू लागली. घरातला कर्ता माणूस गेला आणि दुसऱ्याच दिवशी नळही गेला, असं आता होणार नव्हतं.

चांगलं पाणी कुणाला?

वाचलेल्या पाण्याचं काय झालं, हा खरा प्रश्न.

नऊ कालव्यांचं पाणी सारखं नव्हतं. मार्सियाचं पाणी थंड आणि स्वच्छ म्हणून नावाजलेलं. अल्सिएटिनाचं पाणी तर पिण्याच्या लायकीचंच नव्हतं. पण शहरात आल्यावर चांगलं-वाईट एकत्र मिसळलं जायचं. फ्रॉन्टिनसला असं आढळलं की मार्सियाचं उत्तम पाणी स्नानगृहांना आणि कपडे धुणाऱ्यांना जातंय, शिवाय सांगायलाही लाज वाटेल अशा कामांना वापरलं जातंय.

मग कालवे एकमेकांपासून वेगळे करायचं काम सुरू झालं. मार्सिया पूर्णपणे पिण्यासाठी. जुना अनिओ, ज्याचं पाणी निकृष्ट, तो बागांसाठी आणि घाणीच्या कामांसाठी. शहरातल्या बहुतेक हौदांना दोन वेगवेगळ्या कालव्यांचे दोन नळ देण्यात आले, म्हणजे एक कालवा दुरुस्तीला बंद असला तरी दुसऱ्यातून पाणी येणार. हौदावर अवलंबून असलेल्या माणसाच्या आयुष्यात याने किती फरक पडला असेल, हे नळ गेल्यावर टँकरची वाट बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

दुरुस्तीचंही वेळापत्रक होतं. उन्हाळ्यात पाण्याची गरज सगळ्यात जास्त, तेव्हा कालवा बंद करायचा नाही. वसंतात किंवा शरदात काम काढायचं, सगळी तयारी आधी करायची आणि एका वेळी एकच कालवा बंद ठेवायचा.

या कामाचा त्याला अभिमान होता. इजिप्तचे पिरॅमिड आणि ग्रीकांच्या नावाजलेल्या वास्तू त्याला आपल्या कालव्यांपुढे निरुपयोगी वाटायच्या आणि हे त्याने आपल्या पुस्तकात बिनधास्त लिहूनही ठेवलं.

एक गोष्ट त्याच्याही हातून निसटली

आता दुसरी बाजू.

फ्रॉन्टिनसचं माप हे फक्त भोकाच्या आकाराचं माप होतं. पण एकाच आकाराच्या पाइपमधून वेगाने वाहणारं पाणी जास्त जातं आणि संथ वाहणारं कमी. हे त्याला दिसत होतं. वेगाच्या प्रवाहात मोजमाप कमी येतं, टाकीतली नळी खाली असेल तर पाणी जास्त ओढते, हे त्याने लिहिलंय. पण वेग आकड्यात धरायचा कसा, हे त्या काळात कुणालाच माहीत नव्हतं. पाण्याची खोली आणि बाहेर पडण्याचा वेग यांचं नातं टोरिचेलीने मांडलं ते १७ व्या शतकात.

त्यामुळे त्याने शोधलेली दहा हजार क्विनारियांची तफावत सगळीच चोरीची होती असं म्हणता येत नाही. त्यात काही भाग मोजण्याच्या पद्धतीचाही असणार. पण बदललेले पाइप, बिनशिक्क्याच्या नळ्या, न बुजवलेली भोकं आणि फरशीखालचे चोरटे नळ हे डोळ्यांनी दिसत होतं. चोरी खरी होती, तिचा नेमका आकडा सांगायला मात्र माप अपुरं होतं.

शेवट, आणि शेवटानंतर

९८ मध्ये नर्व्हा वारला आणि ट्राजन सम्राट झाला. ट्राजनने फ्रॉन्टिनसचा मान ठेवला. त्याच वर्षी तो दुसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि १०० मध्ये तिसऱ्यांदा, दोन्ही वेळा स्वतः सम्राटाच्या जोडीने. राजघराण्याबाहेरच्या माणसाला तिसऱ्यांदा कॉन्सलपद मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

१०३ किंवा १०४ च्या सुमारास तो वारला. शकुन बघणाऱ्या पुरोहितांच्या मंडळातली त्याची जागा लेखक धाकटा प्लिनी याला मिळाली. प्लिनीच्या पत्रांमधूनच कळतं की फ्रॉन्टिनसने आपलं स्मारक बांधू नये अशी इच्छा व्यक्त केली होती. आयुष्य त्या लायकीचं असेल तर लोक आठवण ठेवतील, नाहीतर दगडावर केलेला खर्च वाया, असा त्याचा हिशोब.

आठवण मात्र जवळजवळ पुसली गेली होती. त्याच्या पाण्यावरच्या पुस्तकाची एक जुनी हस्तलिखित प्रत इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या मठात पडून होती. १४२९ मध्ये जुन्या ग्रंथांच्या मागे फिरणाऱ्या पोज्जो ब्राच्चोलिनीच्या हाती ती लागली आणि पुस्तक पुन्हा जगासमोर आलं.

पण खरी गंमत पुढे आहे.

१९ व्या शतकात अमेरिकेत होलिओक नावाचं गिरण्यांचं गाव होतं. एका धरणाचं पाणी कालव्यांतून सगळ्या गिरण्यांना मिळायचं आणि त्यावर त्यांची यंत्रं फिरायची. पाणी सामायिक, पण कुठल्या गिरणीने किती वापरलं हे ठरवायचं कसं? तिथल्या पाणी कंपनीत क्लेमेन्स हर्शेल नावाचा इंजिनिअर होता आणि हेच त्याचं काम होतं. त्यातून १८८७ मध्ये त्याने व्हेंचुरी मीटर बनवलं. पाइप मध्येच अरुंद करायचा आणि तिथे दाब किती उतरतो यावरून वाहणारं पाणी मोजायचं. मोठ्या पाइपमधलं वाहतं पाणी वेगासकट मोजण्याची सोय झाली. फ्रॉन्टिनसला जे जमलं नव्हतं तेच.

या हर्शेलला फ्रॉन्टिनसच्या पुस्तकाने झपाटून टाकलं. त्याने ते इंग्रजीत आणलं आणि १८९९ मध्ये माँटे कॅसिनोच्या हस्तलिखिताच्या फोटोंसह छापलं. पाणी मोजण्याचा प्रश्न सोडवणाऱ्या एका माणसाने, तोच प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी अर्धा सोडवलेल्या माणसाला नवे वाचक मिळवून दिले.

फ्रॉन्टिनसच्या यादीतला अक्वा व्हर्गो नावाचा कालवा अनेक दुरुस्त्यांनंतर आजही वाहतो. पर्यटक नाणी टाकतात ते रोमचं प्रसिद्ध ट्रेव्ही कारंजं त्याच्याच वाटेवरचं.

आता परत बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये येऊ. मीटर बसवायचं ठरलंच, तर रोमच्या या म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा अनुभव खिशात ठेवायला हरकत नाही. टाकीपासून मीटरपर्यंतचा पाइप सगळ्यांच्या नजरेसमोर राहू द्या. जुनी जोडणी बंद झाल्याशिवाय नवी सुरू करू नका. टाकीत येणारं पाणी आणि सगळ्या मीटरची बेरीज दर महिन्याला जुळवून बघा. आणि तफावत दिसली की कारकुनाची चूक म्हणून सोडून देऊ नका, टाकीपर्यंत स्वतः चालत जा.